लष्करी अळीविरुद्ध बीटी मक्याला परवानगी द्यावी काय?

शिवारवाचक: २०१८ साली कर्नाटकात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली आणि तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात (ताटाच्या शेंड्याकडील गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) फवारणी करणे हे हंगामाचे ठरलेले काम होऊन बसले आहे. मोठी अळी पोंग्यात खोल बसते, तिच्या विष्ठेने तोंड बुजते आणि औषध वरच राहते. बीटी मक्यात, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या मक्यात, अळीला मारक असलेले प्रथिन पानातच तयार होत असल्यामुळे कोवळ्या अळीला ते चुकवता येत नाही. अमेरिकेत हा मका १९९६पासून पेरला जातो. तेथील युरोपीय खोडकिडा त्यामुळे इतका घटला की, पाच राज्यांवरील २०१०च्या अभ्यासानुसार, १४ वर्षांतील ६.९ अब्ज डॉलरच्या लाभापैकी ४.३ अब्ज डॉलर बिगर-बीटी मका लावणाऱ्यांच्याच पदरात पडले. मग आपल्याकडे अडचण कोणती?

कपाशीवाला: आपले उदाहरण खोडकिड्याचे आहे, लष्करी अळीचे नाही. याच लष्करी अळीने कॅरिबियनमधील पोर्तो रिकोमध्ये बीटी मक्यातील क्राय१एफ या प्रथिनाला २००६च्या सुमारास दाद देणे सोडले आणि पुढे ब्राझीलमध्येही तेच घडले. विदर्भात २००२नंतर आलेल्या बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली तिने पिकाची कशी नासाडी केली, हे मी वेगळे सांगायला नको. (खाण्यास सुरक्षित की असुरक्षित, हा वाद मी मुद्दाम काढत नाही, त्यात मूळ प्रश्न हरवतो.)

बियाणे-अभ्यासक: दोन्ही दाखल्यांत दोष बियाण्याचा कमी आणि ते वापरण्याच्या शिस्तीचा अधिक आहे. पोर्तो रिकोत एकाच प्रथिनावर भिस्त होती. एकापेक्षा अधिक प्रथिने असलेल्या वाणांत, विशेषतः व्हिप३ए हे वेगळ्या प्रकारचे प्रथिन असलेल्या वाणांत, प्रतिकार येणे कठीण जाते. कपाशीच्या पाकिटासोबत पूर्वी मिळणारी बिगर-बीटी बियांची १२० ग्रॅमची पुडी किती शेतकऱ्यांनी खरोखर पेरली? प्रथिनाला बळी पडणाऱ्या अळीचे पतंग टिकावेत आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर व्हावा म्हणून लावायचे बिगर-बीटी आश्रयपीकच नसेल, तर कोणतेही प्रथिन निकामी होणार. उपाय सोपा आहे : बिगर-बीटी बी पिशवीतच मिसळून द्यावे.

कपाशीवाला: मक्यात तो उपाय तितका सोपा नाही. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते, त्यामुळे शेजारच्या बीटी ताटाचे पराग बिगर-बीटी कणसावर पडून त्यातील अनेक दाण्यांत प्रथिन उतरते; शिवाय अळी एका ताटावरून दुसऱ्यावर जाते. पुरती मारक मात्रा न मिळालेली अशी अळी जगली, तर अर्धवट प्रतिकार असलेल्यांचीच निवड होते.

शिवारवाचक: हे मान्य; पण ही अळी ज्वारीवरही जगते, आणि आपल्या तुकड्यातुकड्यांच्या शेतीत काही आश्रय आपोआप मिळतो.

कपाशीवाला: खरिपात मिळत असेल. ओलिताखालच्या ज्या पट्ट्यात मक्यामागून मकाच घेतला जातो आणि जिथे या अळीचा त्रास सर्वाधिक आहे, तिथे तो कुठून आणणार? त्या पट्ट्यांसाठी वेगळे आश्रयपीक सक्तीचे करून ते प्रत्यक्ष तपासणारी यंत्रणा आधी दाखवा, परवानगीचे नंतर बोलू.