ती रात्र तुमच्या गावापर्यंत कशी पोचली? (अनुभव लिहा)

२६ नोव्हेंबर, म्हणजे २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्याची तारीख, जवळ आली की टीव्हीवर ताजचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर सुरू होतो. आमच्याकडे त्या आठवड्यात टीव्ही बंद असतो. कारण माझा मामा.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. २००८ साली मामा मामीला घेऊन टाटा हॉस्पिटलच्या चकरा मारत होता. परळचा तो पत्ता आपल्याकडे किती घरांना पाठ आहे ते सांगायला नको. बहुतेकांना खर्ऱ्यानं (तंबाखू-सुपारीनं) पाठवलेलं असतं, मामीच्या छातीत गाठ होती. त्या बुधवारी रिपोर्ट हातात पडायला संध्याकाळ झाली आणि विदर्भ एक्स्प्रेस चुकली. धर्मशाळेतली खोली सकाळीच सोडलेली. मग ठरलं की सीएसटीवर लांबच्या गाड्यांचा जो मोठा हॉल आहे तिथं चादर टाकायची आणि सकाळी सहाची गीतांजली धरायची. त्या हॉलमध्ये त्या रात्री असे शेकडो लोक होते. बोचकी, ट्रंका, झोपलेली लेकरं.

पावणेदहाच्या सुमारास मामा बाटली घेऊन नळावर गेला. आवाज आला तेव्हा त्याला वाटलं कोणाची तरी वरात आली. ‘स्टेशनात कुठली वरात’ हा विचार येईपर्यंत लोक पडायला लागले होते. मामी जिथं बसली होती तिकडे तो धावला आणि मांडीत गोळी लागली. मामी एका ट्रंकेच्या आड होती, तिला खरचटलंसुद्धा नाही. ट्रंक ज्यांची होती ते चौघं उत्तर प्रदेशाकडचे, अर्ध्या तासापूर्वी मामीशी गाडीच्या वेळेबद्दल बोलले होते. त्यांच्यातलं कोणी उठलं नाही. मामाला सामानाच्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. ती दोन माणसं स्टेशनात एके-४७ आणि हातबॉम्ब घेऊन फिरली आणि तिथं ५८ जणांचा जीव गेला, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. सगळ्या शहरात मिळून १६६ जण गेले.

मामी पुढे २०१० मध्ये गेली, तिच्या आजारानं. मामाची मांडी तीन महिन्यांत भरली. बाकीचं मात्र राहिलं. लग्नात तो भिंतीला पाठ लावून बसतो. आठवडी बाजारात जात नाही. गावात आधी म्हणाले बाहेरचं लागलं, एका ठिकाणी उतारा झाला, दुसऱ्या ठिकाणी नवस. सात-आठ वर्षांनी सेवाग्रामच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आजार आहे, याला औषध आहे. सगळ्यात वाईट म्हणजे जागल, रात्री शेत राखणं. आपल्याकडे तुरीला शेंग धरली की डुकरं अन् रोही (नीलगायी) सुटतात, त्यांना हाकलायला रात्रभर शेताशेतातून बम फुटतात. ऐन नोव्हेंबरात. मामाची सात एकर ओलिताची जमीन त्यानं मक्त्यानं देऊन टाकली ती त्या आवाजापायी. लोक म्हणतात, आळशी झाला.

मला शहीदांबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं. जे वाचले आणि आपल्या गावखेड्यात परत आले त्यांच्याबद्दल कुठंच नाही. तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत असं कोणी असेल तर लिहा. नाव नको, गावही नको, तालुका चालेल.

दर्यापूरकडून

आमच्याकडे त्या रात्री कटकची मॅच चालू होती, भारत-इंग्लंड. लोडशेडिंग होतं म्हणून सरपंचाच्या घरी इन्व्हर्टरवर पंचवीस जण बसलो होतो. मॅच जिंकली, चॅनल फिरवलं आणि बातमी. आधी सगळे म्हणाले गँगवॉर असेल. मग एकजण उठला अन् न बोलता बाहेर गेला, त्याचा भाऊ मुंबईत हमाल. रात्रभर एसटीडी बूथवाल्याला उठवून बसला होता, लाइन लागेना. भाऊ सुखरूप निघाला, पण तो बूथवाला अजून सांगतो की त्या रात्रीचे पैसे मी घेतले नाहीत.

अकोट तालुका

मी तेव्हा मंत्रालयात बदलीच्या कामासाठी चकरा मारत होतो. आपल्या माणसाचा मुंबईतला मुक्काम म्हणजे आमदार निवास, दुसऱ्याच्या नावावरची खोली आणि जमिनीवर गादी. त्या रात्री ठाण्याला साळ्याकडे जेवून लोकलनं सीएसटीला आलो. डब्यातून उतरतो न उतरतो तोच माईकवरून आवाज, बाहेर जाऊ नका, एक नंबरच्या मागच्या बाजूनं निघा. मी गावंढळ, मला एक नंबर कुठं तेही माहीत नाही. गर्दी गेली तिकडे गेलो. तो आवाज विष्णू झेंडे यांचा होता, हे नंतर पेपरात वाचलं. काचेच्या केबिनमध्ये बसून, गोळ्या चालू असताना तो माणूस बोलत राहिला.

मला काही झालं नाही. म्हणूनच कधी कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय आहे? पण आज सतरा-अठरा वर्षं झाली, बडनेरा स्टेशनवर माईक खरखरला की हातातला चहा सांडतो. बायको म्हणते बीपी तपासा. तपासला. नॉर्मल आहे.

(धागा काढणारा)

अकोटवाले दादा, ‘काही झालं नाही’ असं माझी मामी पण म्हणायची. सेवाग्रामला मामाच्या डॉक्टरांनी ‘यांच्यासोबत कोण होतं’ हा प्रश्न विचारला तेव्हा ती जाऊन पाच वर्षं झाली होती. तिला कोणीच विचारलं नाही. शक्य असेल तर तुम्ही एकदा दाखवा.

वाशीम जिल्हा

मले लिहाची सवय नाई, पोरगं टाइप करून रायलं. तुमी जागलीचं लिवलं म्हून लिवतो.

माह्या धुऱ्याले (बांधाले) धुरा लागून एक भाऊ आहे. थो २६ तारखेचा नाई, त्याच्या आंधीचा. ११ जुलै २००६ ले लोकलमंदी बम फुटले ना, अकरा मिन्टात सात, त्यातल्या जोगेश्वरीच्या गाडीत होता. फस्ट क्लासात फुटला, हा बाजूच्या डब्यात. वाचमनकी करे तिकडं. डावा कान गेला. परत आला तो आलाच, मुंबईचं नाव काढत नाई.

आता आमी दोघं शेजारी. मले डुकराईसाठी बम फोडा लागते, नाई फोडला त तूर जाते. एक दिवस पाह्यलं त थो बम फुटल्यावर कपाशीत पालथा पडून होता, डोक्यावर हात. म्या जवळ गेलो त मलेच ओळखे ना. घरी येऊन मले जेवन नाई गेलं. मंग आमी दोघाईनं ठरोलं. बम लावाच्या आंधी म्या त्याच्या मचानाकडं टारच तीनदा मारतो. त्यानं वापस एकदा मारली की मंग वात पेटोतो. नाई मारली त नाई पेटोत, डुकरं खातीन त खातीन. दहा-बारा सालं झाले, चालू आहे. आता थो जागलीले येते.

पन गेल्या जुलैत, २०२५ च्या, हायकोर्टानं त्या केसमधले बाराही जन निर्दोष म्हून सोडले. त्या दिवशी थो माह्या बैलबंडीवर येऊन बसला अन् इतकंच बोलला, “मंग केलं कोनं?” म्या काय सांगू त्याले. तुमच्यात कोनी वकील असन त सांगा.

पुसदहून, वकील

वाशीमचे भाऊ, वकील आहे म्हणून लिहिते. पुरावा टिकला नाही असं न्यायालयानं म्हटलं आहे. सुप्रीम कोर्टानं त्या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेऊ नका असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत टाकलेलं नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि खोटा धीर देणार नाही.

भरपाईचं कोणी विचारलं नाही, तरी सांगते. मी एका २६/११ च्या जखमी बाईचे कागद हाताळले आहेत. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात अडीच वर्षं. एका साहेबानं तिला विचारलं होतं, “गोळी लागल्याचा पुरावा काय?” तिनं तिथंच पदर बाजूला करून खांदा दाखवला. मी बाजूला उभी होते, त्या साहेबाची मान काही वर झाली नाही.

राजुरा, चंद्रपूर

मी निवृत्त शिक्षक. हेमंत करकरे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या चंद्रपूरचे एसपी होते. नागपूरच्या व्हीआरसीई कॉलेजचे इंजिनिअर, म्हणजे आपलेच. जंगलात, नदीकाठी पडलेली लाकडं गोळा करून त्यातून शिल्पं करायचा छंद होता त्यांना. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेल्याची बातमी आली तेव्हा इथल्या म्हाताऱ्या लोकांना मुंबईचा कोणी मोठा अधिकारी गेला असं वाटलं नाही, आपला एसपी गेला असं वाटलं. धागा वाचलेल्यांबद्दल आहे हे ठाऊक आहे, तरी राहवलं नाही.

कुरखेडा, गडचिरोली

तुमच्या धाग्यात हे बसतं की नाही ठाऊक नाही, नसेल तर काढून टाका.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. रस्त्याच्या कामावरच्या गाड्या नक्षल्यांनी आदल्या रात्री जाळल्या, तिकडे निघालेली पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक. माझा भाऊ पोलिसात, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. ज्यांच्याबरोबर तो रोज जेवायचा त्यांच्यातले काही त्या गाडीत होते.

भाऊ अंगानं धडधाकट आहे. पण कोणाच्या बारशाला, लग्नाला गेला की घटकाभरात उठून येतो. मेलेल्या एका मित्राच्या मुलीची शाळेची फी भरतो, हे वहिनीला तीन वर्षांनी कळलं. ती भांडली नाही. दर जूनमध्ये आता तीच आठवण करते. मुंबईत झालं की सगळा देश बघतो, आमच्याकडे झालं की दोन दिवस. राग नाही, पण लिहावंसं वाटलं.

(धागा काढणारा)

ताई, बसतं. कशाला काढायचं.

समुद्रपूर तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २६ नोव्हेंबर म्हणजे आता आमच्याकडे संविधान दिन, सकाळी परिपाठाला उद्देशिका आणि मग दोन मिनिटं श्रद्धांजली. वर्गातली सगळी मुलं २००८ नंतरची. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, कामा हॉस्पिटलमधल्या बायांचं काय झालं?” मी सांगितलं, तिथं अंजली कुलथे नावाच्या नर्सनं वीस गरोदर बायांना एका छोट्या खोलीत नेऊन रात्रभर सांभाळलं, पुढे २०२२ मध्ये त्यांनी ही हकीकत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे सांगितली. मुलगा म्हणाला, “म्हणजे ती पोरं आता आमच्याएवढी असतील?” मी हिशोब केला. त्याच्यापेक्षा मोठी निघाली, दहावी-अकरावीची.

(धागा काढणारा)

उशिरा लिहितोय, कापूस वेचणीला मजूर नाहीत, सगळं घरावर आहे.

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं की कसाबला फाशी झाली तेव्हा मामाला कसं वाटलं. २१ नोव्हेंबर २०१२, सकाळी. गावात फटाके फोडले. मामा न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसला होता, बास. २०२५ मध्ये या हल्ल्याच्या कटातल्या आरोपीला, तहव्वुर राणाला, अमेरिकेतून आणलं तेव्हा मी मुद्दाम सांगितलं त्याला. “हो का,” म्हणाला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला.

हा धागा मी काल रात्री त्याला वाचून दाखवला. अकोटवाल्यांचं वाचलं तेव्हा हसला, “एक नंबर मलेही सापडला नसता.” पुसदच्या बाईंचं ऐकून काही बोलला नाही. वाशीमच्या भाऊंचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपला.

वाशीमचे भाऊ, मामानं विचारलं आहे: टॉर्च किती सेलचा वापरता, आणि धुक्यात दिसतो का? आमच्या शेजारचा मचाण थोडा लांब आहे.