कागदावर नाही, कानात
नॉर्डिक जॅझवर, म्हणजे नॉर्वे, स्वीडन अशा उत्तर युरोपातल्या देशांच्या जॅझवर, चर्चा चालू असताना कुणीतरी म्हणालं, 'हे म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं थंडगार संगीत, उत्स्फूर्त वादन नावापुरतं'. हे मत मला पटत नाही. संथ, मोकळ्या जागा सोडणारं वादन तिथे भरपूर आहे, हे मान्य. पण नॉर्वेचा ड्रमर गार्ड निल्सन याचा सुपरसॉनिक ऑर्केस्ट्रा ऐकाच. २०१९ च्या मोल्दे (नॉर्वे) इथल्या जॅझ महोत्सवासाठी जमवलेले १६ वादक, त्यात तीन ड्रमर आणि तीन डबल बास! निल्सन आणि सॅक्सोफोनवादक आंद्रे रोलिग्हेटेन यांनी रचना बांधल्या आहेत, तरी त्या घट्ट आवळलेल्या नाहीत. हेडफोन लावून ऐकलं तर ब्रासची (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशा पितळी वाद्यांची) ठरलेली ओळ येते, विरते, आणि तिच्या पोटातूनच कुणीतरी सुटून निघतो. मागे तिन्ही ड्रमर एकमेकांचं ऐकत ताल हलवत राहतात. अंगावर काटा येतो.

शिवाय त्या भागातले कितीतरी तरुण वादक नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरातल्या जॅझ अभ्यासक्रमातून आलेत, हे चर्चेत आलंच नाही. १९७९ पासून चाललेल्या त्या वर्गात भर कानावर: रेकॉर्डवरचा सोलो (एकट्या वादकाचा तुकडा) आधी गळ्यातून गायचा, मगच वाद्यावर आणायचा. आपल्याकडे गुरुसमोर बसून बंदिश घेतलेल्यांना हे लगेच उमगेल.