पळस लवकर फुलला : कौतुक करायचं की काळजी?

रानफूल
जानेवारी सरत आला की पळसाचे फोटो फिरायला लागतात आणि प्रत्येक फोटोखाली तीच रडगाणी : 'होळीआधीच फुलला, हवामान बिघडलं!' अहो, होळी ही मोजपट्टीच नव्हे. २०२३ मध्ये होळी ६ मार्चला पेटली, २०२४ मध्ये २४ मार्चला, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन गेला. पळस दोन्ही वर्षी एकाच तारखेला फुलला तरी दुसऱ्या वर्षी तो १८ दिवस 'लवकर' दिसणार.

शिवाय पळस, पांगारा, काटेसावर ही पानगळीची झाडं. पानं गळली की पाण्याचा खर्च थांबतो, फांद्यांत पाणी भरतं आणि कळ्या सुटतात. पानगळ कधी होणार हे परतीचा पाऊस आणि मातीची खोली ठरवते. मुरमाड उतारावरचा आणि ओढ्याकाठचा पळस एकाच गावात मागेपुढे फुलतात. तेव्हा फुलं बघा, खुशाल आनंद घ्या.

वैशाखवणवा
होळीचा मुद्दा बिनतोड. पण म्हणून सगळं आलबेल? जपानच्या क्योतोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. हाही पंचांगाचा घोळ म्हणायचा का?

रानफूल
नाही, ते तापमानवाढीचंच लक्षण. पण चेरीला आधी ठरावीक थंडी लागते, मग ऊब. तिचं गणितच तापमानाचं. पळसाचं गणित पाण्याचं. तिकडचा आलेख इकडे चिकटवू नका, एवढंच.

कलमवाला
शहरी मंडळींचा वाद छान चाललाय :) पळस आठवडाभर पुढे गेला तर कुणाचं काही अडत नाही, हापूसचं अडतं. पाऊस लांबला की जमिनीत ओल राहते, कलमं मोहराऐवजी पालवी काढतात. मोहर आल्यावर ढगाळ हवा राहिली की तुडतुडे ही कीड आणि भुरी ही बुरशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुनर्मोहर. फळं वाटाण्याएवढी झालेली असताना थंडी पुन्हा वाढली की त्याच फांदीवर नवा मोहर येतो, झाड अन्न तिकडे वळवतं आणि धरलेली फळं पिवळी पडून गळतात. बघणारा म्हणतो, वा, झाड कसं डवरलंय!

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची यावर शिफारस आहे ती ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या फवारणीची, म्हणजे २० लिटर पाण्याला १ ग्रॅम. भुकटी थेट पाण्यात टाकाल तर गुठळ्या तळाशी बसतात. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यायची. मोहरच पुरेसा नसेल तर मात्र ही फवारणी करूच नये, येणारा मोहरही अडतो.

वैशाखवणवा
कलमवाले, +१. रानफूलताई, बहर पुढे सरकलाच नाही हे तरी कशावरून? तुमच्याकडेही नोंदी नाहीतच. एकच झाड धरा, आठवड्याच्या ठरलेल्या वारी बघा. कळी, उमललेलं फूल, शेंग, नवी पालवी यांचे वेगळे रकाने, प्रत्येकात 'नाही', 'थोडं', 'भरपूर' एवढंच. इंग्रजी तारीख लिहा, तिथी नको. आणि 'अजून काही नाही' हेही लिहायचं. लोक फूल दिसल्यावरच वही उघडतात, मग सुरुवात नेमकी कधी झाली ते कळतच नाही.

रानफूल
मान्य, पण बागेतलं पाणी घातलेलं झाड घेऊ नका, नाहीतर माळ्याच्या पाळ्यांचा अभ्यास होईल. दिव्याच्या खांबाजवळचंही नको. आणि दोन-चार वर्षांच्या वहीवरून हवामानबदल सिद्ध झाला म्हणू नका. एक ओलं आणि एक कोरडं वर्ष आलं की तेवढ्यानंच आकडे हलतात.

वैशाखवणवा
वीस वर्षं थांबून मग काळजी करायची, असं का?

कलमवाला
तुम्ही थांबा, कलमं थांबत नाहीत. आणि होळीच्या रंगासाठी पळस झोडपणाऱ्यांनो, खाली पडलेलीच फुलं घ्या. दोन ओंजळी फुलं दोन लिटर पाण्यात उकळून रात्रभर ठेवली की पुरेसा केशरी रंग उतरतो. झाडावरच्या फुलांतला मध मैना आणि शिंजिरांना (सूर्यपक्ष्यांना) लागतो, आणि शेंगा धरतात त्याही त्यांच्याच जिवावर.