क्रौंचाच्या शिकारीला सीझन द्यायचा प्रस्ताव, विरोध कशाच्या जोरावर करायचा?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला, आठ-नऊ वर्षं खाडीवर पक्षी बघतो, हौस म्हणूनच, त्यामुळे चुकलं तर सांगा. माझी मावसबहीण अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते, तीही पक्षीवाली. तिकडे सँडहिल क्रेन म्हणून क्रौंच आहे, राखाडी अंग, कपाळ लाल, उंचीला चांगला तीन-चार फूट. त्याच्या शिकारीला सीझन द्या, म्हणजे वर्षातले ठरावीक दिवस परवान्याने मारू द्या, अशी मागणी तिकडे पुन्हा पुन्हा येते, २०१२ ला विधेयक आलं, २०२१ ला आलं, दोन्ही बारगळली पण विषय काही मिटत नाही. पक्षीनिरीक्षक विरोधात, ताईपण. आता तिच्या शेजारी मक्याचं शेत आहे, तो शेतकरी तिला म्हणाला की तुम्ही दुर्बिणीतून बघता आणि बियाणं माझं जातं. ताईला काही बोलताच आलं नाही. तिने मला फोन केला, तुमच्याकडे माकडं-डुकरं एवढा त्रास देतात, तू सांग. मलाही सुचलं नाही हो. माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती, लहानपणी घरात होले, पाणकोंबड्या यायच्या आणि आम्ही खायचो, ते वाईट होते असं मी कधीच म्हणणार नाही. मग लाखभर संख्या असलेल्या पक्ष्याच्या शिकारीला 'दिसतो छान' यापलीकडे काय मुद्दा आहे?

पाणथळवेडी:
दादा, मुद्दा आहे आणि पक्का आहे. क्रौंच वाढतो फार सावकाश. दोन अंडी, त्यातून बहुतेक वेळा एकच पिल्लू उडण्याइतकं मोठं होतं, काही वर्षी तेही नाही, आणि जोडी जमून पिल्लं निघायला लागेपर्यंत पक्ष्याच्या वयाची चार-पाच वर्षं सहज गेलेली असतात. रानबदकाचं तसं नसतं, एका घरट्यात आठ-दहा अंडी, एखादं वर्ष खराब गेलं तर पुढच्या वर्षी भरून निघतं. पिल्लू नऊ-दहा महिने आईबापाबरोबर असतं, दक्षिणेची पहिली वाट त्यांच्या मागे उडूनच शिकतं, आणि जिथे सीझन आहे तिथे बंदुका चालतात त्या नेमक्या त्याच महिन्यांत. विस्कॉन्सिनमध्ये १९३० च्या दशकात जेमतेम २५ जोड्या उरल्या होत्या असं सांगतात, शिकार झाली आणि दलदली आटवून शेतं केली म्हणून. तिथून अमेरिकेच्या पूर्वेकडचे कळप लाखाच्या घरात यायला ऐंशीएक वर्षं लागलीत, तेव्हा नुसता आजचा आकडा बघून बोलू नका.

अजून एक, मला याची जास्त भीती वाटते. व्हूपिंग क्रेन, पांढराशुभ्र, १९४१ मध्ये जगात विसेकच उरला होता. २००१ पासून त्याची पिल्लं हाताने वाढवून, छोट्या विमानामागे उडवून विस्कॉन्सिन ते फ्लोरिडा वाट शिकवली लोकांनी, काय मेहनत असेल बघा. तो सँडहिलच्या कळपात मिसळतो, कोवळ्या वयात तपकिरीही असतो. सीझन नसतानासुद्धा काही गोळ्या लागून मेलेत, मग पहाटेच्या धुक्यात परवानाधारक तरी काय ओळखणार?

वायंगणी:
मी शेतकरी, वेंगुर्ल्याकडचा, म्हणून त्या शेजाऱ्याच्या बाजूने बोलतो. माकडांनी यंदा माझ्या माडांची शहाळी ठेवली नाहीत, डुक्कर एका रात्रीत अर्धा कुणगा आडवा करतो, आणि वर मुंबईचा माणूस येऊन सांगतो की निसर्ग आहे. तेव्हा जे पोटात होतं ते त्या माणसाच्या पोटात होत असणार. पण मला एक सांगा, तिकडे मका पेरतात कधी? ताईंना विचारा. वसंतात पेरत असतील तर बी उपटलं जाणार तेव्हाच, आणि सीझन थंडीच्या तोंडावर. माझ्या लावणीचं नुकसान जुलैत आणि बार काढायचा दिवाळीला, याने माझं रोप कसं वाचणार? तोवर तर उत्तरेचे, कॅनडाचे कळप पण खाली आलेले असणार, मारला तो त्याच शेतातला होता हे कोण सांगणार.

पाणथळवेडी:
काका, नेमकं बोललात. पेरणी एप्रिल-मेमध्येच असते, कोंब फुटला की हे पक्षी ओळ धरून चालत एकेक दाणा उपटतात. त्यावर उपाय निघालाय. विस्कॉन्सिनमध्येच बराबूला १९७३ पासून इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन ही क्रौंचांसाठी काम करणारी संस्था आहे, त्यांनी बियाण्याला अँथ्राक्विनोन नावाचं औषध लावून बघितलं. पक्षी मरत नाही, पोटाला मानवत नाही म्हणून तो दाणा सोडतो आणि त्याच शेतात किडे, मागच्या हंगामातले सांडलेले दाणे खात राहतो. अडचण एकच, खर्च शेतकऱ्याच्या माथी.

जुना_निरीक्षक:
थोडी भर. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळी शिकार बंद झाली असं सरसकट बोलतात, तसं नाही, काही प्राणीपक्ष्यांना परवाने होते, ती दारं १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आणि शिकाऱ्यांना शत्रू मानू नये. किहीमला १९३० मध्ये सुगरणीची घरटी बघत बसलेले सलीम अली लहानपणी एअरगननेच चिमण्या मारत होते. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी जातो, बदकांच्या शिकाऱ्यांनी तर पाणथळी विकत घेऊन राखल्यात. विरोध करताना हे मान्य करून बोललं तर समोरचा ऐकून तरी घेतो. केंटकीत २०११ ला क्रौंचांचा सीझन सुरू झाला, टेनेसीत २०१३ ला, अलाबामात २०१९ ला, तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये वाढलेली पिल्लं खाली जाताना तशीही बंदुकीसमोरून जातात. जन्मगावी तरी नको, एवढीच मागणी आहे.

आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचे सारस बघा, धानाच्या बांधीतच घरटं करतात. शेतकऱ्याने ती जागा सोडली तरच अंडी वाचतात. आता तर मोजकेच उरलेत, बघताना पोटात कालवतं.

खाडीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा पेरणीचा मुद्दा ताईला कालच फोनवर सांगितला, ती दोन मिनिटं गप्पच होती. रविवारी ती शेजाऱ्याकडे जातेय, गेल्या वर्षी किती बियाणं गेलं आणि औषध लावायला एकरी काय पडेल ते त्याच्याचकडून लिहून घेणार. मग त्यांच्या ग्रुपच्या निवेदनात शिकार नको याच्या आधी बियाण्याचा खर्च सरकारने द्यावा हे घालायचं म्हणतेय, आणि त्या शेतकऱ्याची सही मागणार आहे. काका, तुमचं बोलणं त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं तर चालेल ना?

वायंगणी:
चालेल की. माकडांचं पण सांगा त्याला.