गल्ल्याच्या मागची पाटी कायद्यापेक्षा मोठी का?

नवीपेठकर (धागाकर्ता)
सोलापुरात चाटी गल्लीत जा, नवी पेठेत जा, गल्ल्याच्या मागं पाटी ठरलेली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' माझं मत, ही पाटी लावणंच गैर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणंही त्याच यादीत. परवा घेतलेल्या लाल चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरला, अभ्रे गुलाबी झाले. दुकानदार एक अक्षर बोलला नाही, पाटीकडं बोट दाखवलं.

चाटीगल्ली_दुकानदार
बोट मीपण दाखवतो. समोरचा काय घेऊन येतो ते तुम्हाला कुठं दिसतंय? फॉल-पिको झालेली साडी, काठाला हळद, अन् म्हणे "घडीसुद्धा मोडली नाही वो." कायदा वाचलात, पण 'सदोष' या शब्दावरनं उडी मारून गेलात. घरच्यांना रंग पसंत नाही, नणंदेला तशीच दोनशेनं स्वस्त मिळाली, हा दोष नव्हे. नुसतं पसंत नाही म्हणून दुकानात येऊन परत करायचा हक्क कायदा देत नाही. आम्ही घेतो ते ओळखीवर. आणि लाल चादर अभ्र्यांबरोबर भिजवली कुणी, तेपण सांगा की.

नवीपेठकर
'वेगळी धुवा' असं लेबलवर कुठं होतं? तुमच्या पाटीत तरी 'सदोष माल सोडून' असं कुठं असतं? सरसकट लिहिता म्हणून तर गिऱ्हाईक मुकाट घरी जातं.

कोर्टाजवळचा
दोष आहे हे दाखवायचं काम ग्राहकाचंच. गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. धागाकर्ते, बिल आहे का? त्यावर तुम्ही बोललाच नाहीत.

नवीपेठकर
आहे. कच्चं. पक्कं मागितलं तर "मग जीएसटी लागेल" म्हणाले.

चाटीगल्ली_दुकानदार
घ्या! टॅक्स वाचवताना कायदा आठवला नाही. बरं, फी नाही, वकील नाही, ही सगळी सोय एकाच बाजूला. नव्या कायद्यात ग्राहक राहतो तिथं तक्रार चालते. म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या नागपूरकरानं चादर नेली तर मी नागपूरला हेलपाटे घालायचे? उत्तराला ३० दिवस, फार तर वर १५. निकाल विरुद्ध गेला तर अर्धी रक्कम भरल्याशिवाय अपील घेत नाहीत. जुन्या कायद्यात त्याला २५ हजारांची कमाल मर्यादा होती, ती गेली.

कोर्टाजवळचा
सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, त्यामुळं नागपूरचं एवढं मनावर घेऊ नका. अपिलाचं मात्र मला पटतं. मोठ्या कंपनीला अर्धी रक्कम म्हणजे किरकोळ खर्च, एकट्या दुकानदाराचं त्यात भांडवल अडकतं.

लूमवाला_पूर्वभाग
तुमचं चालू द्या, पण आमचं काय? टॉवेलचं सूत घेतलं, बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, लूमवर (मागावर) चढवल्यावर कळलं की तार दर दोन मिनिटाला तुटतीय. व्यापारी म्हणतो, तू धंद्यासाठी घेतलंस, तू ग्राहकच नाहीस. खरं हाय का हे?

कोर्टाजवळचा
बरंचसं. पुन्हा विकायला किंवा व्यापारी कारणासाठी घेतलं तर या कायद्यात तुम्ही ग्राहक नाही. अपवाद स्वयंरोजगाराचा: स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय, टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक. तुम्ही लूमची मोटार घेतली आणि लूमवर स्वतः बसत असाल, तर भांडायला जागा आहे. सुताचा माल करून तुम्ही तो विकता, तिथं समोरचा वकील अडवणारच. नाहीतर १९३० चा मालविक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट.

लूमवाला_पूर्वभाग
म्हणजे शेठच्या बायकोची साडी विटली तर फुकटात आयोग, अन् माझ्या चार लूम बंद पडल्या तर दिवाणी कोर्ट, तेपण स्टँप भरून!

चाटीगल्ली_दुकानदार
पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या बाजूचं बोललं. सूत घेताना पक्कं बिल घेतलं होतं ना, मालक?