जुन्या फर्निचरचं तुम्ही काय केलंत?

घराचं रिनोव्हेशन निघालंय आणि पहिला वाद अर्थातच जुन्या सामानावरून. आमच्याकडे सासूबाईंचा सागवानी दिवाण आहे, पाय डुगडुगतात पण फळ्या अजून खणखणीत. भंगारवाला लाकडाला हात लावत नाही आणि फेकायला जीव होत नाही. तुम्ही जुन्या पलंगांचं, कपाटांचं, खुर्च्यांचं काय केलंत ते लिहा. नुसतं फोटोपुरतं नको, रोज वापरात आहे का तेही सांगा.

*

आईचं पायमशीन. वरचं मशीन गरजू बाईला दिलं, बिडाचं स्टँड ठेवलं. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साईडचा हात दिला, मग काळा ऑइलपेंट. वर किचनच्या जुन्या ओट्यातून निघालेला कडप्पा टाकलाय. फक्त तो नुसता ठेवू नका हं, आधी स्टँडच्या भोकांतून बोल्टने लाकडी चौकट आवळायची आणि त्यावर सिलिकॉनने कडप्पा चिकटवायचा, नाहीतर कोणी कडेला रेललं की तो पायावरच यायचा. पट्टा काढलाय आणि पायडल तारेने बांधलंय कारण आलेलं प्रत्येक पोरगं ते हलवत बसायचं (आणि प्रत्येक काकाही). बाल्कनीत आहे, सकाळचा चहा तिथेच होतो.

*

रत्नागिरीकडचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा माजघराचं दार ठेवून घेतलं, फणसाच्या लाकडाचं. वर्षानुवर्षांच्या धुराने काळंमिट्ट झालेलं, सुताराने रंधा मारला तर आतून पिवळं धम्मक! त्याचं जेवणाचं टेबल केलं. दोन फळ्यांमधल्या फटीत शितं अडकायची, कोयंड्याच्या खाचेत तर काहीही सापडायचं, म्हणून वर काच टाकली. खाच मात्र बुजवू दिली नाही. खर्च? मजुरी, पॉलिश, काच धरून साधं नवं टेबल आलं असतं तेवढा. स्वस्तात होतं म्हणून कोणी करणार असाल तर करू नका.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, आणि एक भर. हे सगळं खऱ्या लाकडाला लागू. हल्ली जे तयार फर्निचर मिळतं ते बहुतेक पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून वर लॅमिनेट. एकदा स्क्रू काढला की त्याच भोकात परत धरत नाही आणि पाणी लागलं की फुगून बसतं. कपाटाचं दार उतरवून कड बघा, भुसा दिसला तर सुतार बोलवायच्या भानगडीत पडू नका. प्लायवुड असेल तर ठोकून बघा, पोकळ वाजलं तर आत वाळवी असू शकते.

*

शोकेसचं चपलांचं कपाट. काचा काढून जाळी बसवली, वास कोंडत नाही. संपलं.

*

घरात लहान मूल असेल तर जरा जपून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) झाली ती नोव्हेंबर 2017 पासून, म्हणजे आजोबांच्या हिरव्या कपाटावर काय असेल कोण जाणे. कोरडं घासू नका, धूळ घरभर होते. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा नाहीतर पेंट रिमूव्हर लावा, तोंडाला मास्क आणि मूल आजीकडे.

*

आम्ही जर्मनीत. इथे मोठं सामान टाकायला ठरलेला दिवस असतो, श्पेर्म्युल म्हणतात, लोक चांगली चांगली कपाटं फुटपाथवर ठेवतात. शेजारच्या आजी त्यांचं ड्रॉवरचं कपाट टाकणार होत्या, ते मागून घेतलं आणि वरच्या खणात देव मांडले. खालच्या खणांत वाती, उदबत्त्या, गणपतीचं मखर. आजी बघायला आल्या, म्हणाल्या यात माझ्या नवऱ्याचे मोजे असायचे. माझा नवरा अजून देवाला हात जोडताना हसतो.

*

धागाकर्तीसाठी: दिवाण मोडू नका हो. पाय डुगडुगतात म्हणजे बहुतेक सांधे सैल झालेत, लाकूड गेलेलं नाही. खिळे अजिबात ठोकू नका, सागवान चिरतं. सांधा उघडून जुना सरस खरवडायचा, नवा लावून शिकंज्यात रात्रभर आवळायचा. जागाच नसेल तर लांबीत अर्धा कापून दारातलं बाकडं करा, बसून बूट घालायला. उरलेल्या फळ्यांची किचनमध्ये मांडणी होईल. फक्त कापण्याआधी सासूबाईंना विचारा.

*

विचारलं. "पलंगाला हात लावशील तर बघ" म्हणाल्या. सुतार सोमवारी सांधे बघायला येतोय.