एका बॅनरसाठी तीन सॉफ्टवेअर: गरज की हौस?

नौपाडी_रेघ
पाडव्याच्या शोभायात्रेसाठी आमच्या सोसायटीचा बॅनर यंदा माझ्या गळ्यात पडला. सहा बाय चार फूट, विषय ठाण्याची खाडी, म्हणजे फ्लेमिंगो आलेच. स्केच बहिणीच्या आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये, रंगकाम घरच्या लॅपटॉपवर क्रिटात आणि अक्षरं इंकस्केपमध्ये. व्हिडिओत सगळे असंच करताना दिसतात, म्हटलं आपणही करू.

प्रोक्रिएटमधून पीएसडी (चित्राचे एकावर एक ठेवलेले पदर, म्हणजे लेयर, वेगवेगळे जपणारी फाइल) काढली, क्रिटात उघडली, तर पंखांवरची सावली पंख सोडून पाण्यावर सांडलेली. तिकडे ती क्लिपिंग मास्कने, म्हणजे खालच्या लेयरच्या आकाराबाहेर रंग न जाऊ देणाऱ्या सोयीने, अडवलेली होती. क्रिटात तो प्रकार तसा नाही, लेयर एका ग्रुपमध्ये घालून 'इनहेरिट अल्फा' लावावं लागतं. अकरा फ्लेमिंगो, प्रत्येकाला सावलीचे दोन लेयर. रविवार त्यातच गेला.

मग अक्षरं. प्रिंटवाल्याला इंकस्केपची एसव्हीजी फाइल पाठवली. त्याच्याकडे जुनं कोरलड्रॉ, माझा फॉन्ट नाही, 'शुभेच्छा'तला च्छा फुटला. अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसते आकार, करून परत पाठवली, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी दाखवलं की मी 'हार्दीक' लिहिलंय. पाथ केलेल्या अक्षराची वेलांटी टाइप करून बदलता येत नाही, आणि मूळ फाइलवर मी पाथवालीच सेव्ह करून बसले होते. शेवटी 'नववर्षाभिनंदन'मधल्या भिची पहिली वेलांटी कॉपी करून दि ला चिकटवली. जवळून बघितलंत तर शिरोरेषेला तिथे पायरी दिसेल.

माझं म्हणणं असं की एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना प्रत्येक नाक्यावर टोल द्यावा लागतो. आनंदनगरला छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, हा चालूच आहे. एकच सॉफ्टवेअर नीट शिकावं आणि काम तिथेच संपवावं. कोणाला वेगळं वाटतं?

पामबीच_पिक्सेल
मला वाटतं. मी नेरूळला याच धंद्यात आहे, रोज तीन-चार सॉफ्टवेअर उघडी असतात. ताई, तुम्ही चित्र अर्धवट असताना घर बदललंत. सामान बांधायच्या आधीच टेम्पो बोलावला तर भांडी फुटणारच! आयपॅडवरून फक्त रेघा न्यायच्या, सावल्या तिकडे करायच्याच कशाला? आणि न्यायच्याच असतील तर आधी मास्क लेयरमध्ये मर्ज करून. पीएसडीतून साधे पिक्सेलचे लेयर, त्यांची नावं, ओपॅसिटी हे बहुतेक सुखरूप जातं. ज्या त्या सॉफ्टवेअरची खास करामत जात नाही.

अक्षरांचं विचाराल तर क्रिटात लिहून पिक्सेल केली असती, तर सहा फुटांवर कडा बघवल्या नसत्या. वेक्टर, म्हणजे इंकस्केपसारखं पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिताने काढलेलं, कितीही ताणा, धार तशीच राहते. भाजी चिरायला सुरी, नारळ खवायला खवणी. सुरीनेच नारळ खवायचा हट्ट का?

नौपाडी_रेघ
आमच्याकडे विळी आहे. तिलाच पुढे खवणी असते. 🙂

पामबीच_पिक्सेल
बरं, हा तुमचा. पण त्या विळीवर चपात्या लाटून दाखवा.

कोपरी_ते_वाशी
माझ्याकडे लॅपटॉपही नाही न् आयपॅडही नाही. फोन आणि त्यावर आयबिसपेंट हे चित्रकलेचं अ‍ॅप, संपलं. ठाण्याहून वाशीला कॉलेजला जाताना ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, तेही बसायला मिळालं तर, रोज एक स्केच. रंग, अक्षरं, एक्स्पोर्ट सगळं तिथेच. तीन सॉफ्टवेअरची चर्चा ही ज्यांच्याकडे तीन डिव्हाइस आहेत त्यांची चर्चा आहे, राग मानू नका.

पामबीच_पिक्सेल
राग कसला? पण सहा फुटांचा बॅनर शंभर डीपीआयला (इंचाला शंभर पिक्सेल) धरला तर ७२०० बाय ४८०० पिक्सेल होतात. आठ बिटचा एक पूर्ण लेयर मेमरीत साधारण १३८ एमबी खातो. फोनवर असे किती लेयर मिळतील ते करून बघ. प्रोक्रिएटसुद्धा कॅनव्हास वाढवला की लेयरची मर्यादा कमी करतं. लॅपटॉपवर जाणं ही कित्येकदा सक्तीच असते.

ब्रशकाका
मी पोस्टर कलरच्या जमान्यातला, पाचपाखाडीत राहतो. तुमची भाषा निम्मी कळली, पण भांडण ओळखीचं वाटलं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तैलचित्र छापायचं तर ते दगडावर उतरवावं लागे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चित्रकाराचा हात वेगळा, दगडावर उतरवणाऱ्याचा वेगळा. म्हणजे तुमचा तो टोल तेव्हाही होताच की. तरी ती चित्रं घराघरातल्या देव्हाऱ्यात पोचली. मूळ चित्रातली छटा छापील प्रतीत येत नाही म्हणून कोणी एकाच दगडावर सगळं कोरत बसलं नाही.

आमच्या वेळी प्रूफ, म्हणजे नमुन्याची छापील प्रत, बघितल्याशिवाय छपाई होत नसे, एवढं मात्र खरं. तुम्ही प्रूफ काढलं होतं का?

नौपाडी_रेघ
नाही काढलं, काका. आणि तेही दुखणं आहेच. स्क्रीनवर जो गुलाबी झगझगीत दिसत होता, तो बॅनरवर चार पावसाळे बघितलेल्या साडीसारखा आला. एवढ्या उड्या मारल्या नसत्या तर कुठे बिघडलं ते तरी कळलं असतं.

पामबीच_पिक्सेल
इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. रंग उड्यांमुळे गेला नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, प्रिंटर शाईने. तसला गुलाबी, पोपटी, झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बसतच नाही. एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं केलं असतं तरी साडी विटलेलीच आली असती. गंमत म्हणजे याचा उपाय तुमच्या लाडक्या क्रिटातच आहे. कंट्रोल-वाय दाबा, सॉफ्ट प्रूफिंग चालू होतं, छापल्यावर साधारण कसं दिसेल ते कळतं. प्रिंटवाल्याकडून त्याच्या मशीनचं रंगांचं प्रोफाइल मिळालं तर अजून चांगलं. इंकस्केपमधून निघणारी पीडीएफ सहसा आरजीबीच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, असते. सीएमवायके हवी असेल तर चित्र आणि अक्षरं स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून तिथून काढा.

नौपाडी_रेघ
म्हणजे आता चौथं सॉफ्टवेअर!

रंगाचं मान्य. कंट्रोल-वाय मला माहीत नव्हतं, आत्ता दाबून बघितलं, गुलाबी तिथेच मेला. पण यातून माझंच म्हणणं खरं ठरतंय. दोन वर्षं क्रिटा वापरतेय आणि ही एक कळ ठाऊक नव्हती, कारण तेवढ्या वेळात मी आणखी दोन सॉफ्टवेअर वरवर शिकत होते.

पामबीच_पिक्सेल
हे मात्र पटलं. वरवर शिकण्याबद्दल. बाकी अजून नाही.

कोपरी_ते_वाशी
रेघताई, बॅनरचा फोटो टाका ना. सगळे नुसते बोलतायत.

नौपाडी_रेघ
मूळ फाइलच टाकते, जेपीजी करून. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो म्हणून टाकली होती तेव्हा तिचा इतका चुरा झाला की खाडीत गाळ साचल्यासारखं दिसत होतं. नंतर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर अर्ध्या लोकांना उघडेना. पोचवण्याचा टोल वेगळाच.

(चित्र जोडले आहे)

पामबीच_पिक्सेल
अहो, छान आहे की! पाण्यातली प्रतिबिंबं मस्त. उगाच रडत होतात. दि ची पायरी मी झूम करून शोधली, सांगितलं नसतंत तर दिसली नसती.

ब्रशकाका
रेघ चांगली आहे. रंगाचं काही बोलत नाही, ते झालं आहे बोलून. पण डावीकडून चौथ्या पक्ष्याला तीन पाय का आहेत?

नौपाडी_रेघ
...काका, तो तिसरा पाय मागच्या पक्ष्याचा आहे. पाय एका लेयरवर होते, धड दुसऱ्या. क्रिटात सावल्या नीट करताना धडाचा लेयर डोळा मिटून, म्हणजे लपवून, ठेवला होता, तो तसाच एक्स्पोर्ट झाला. म्हणजे अकरा नाही, दहाच फ्लेमिंगो छापून आले.

कोपरी_ते_वाशी
आणि यात्रेत कोणालाच दिसलं नाही?

नौपाडी_रेघ
सेक्रेटरींना दीर्घ वेलांटी दिसली होती. पाय मोजायला कोणी गेलं नाही.